बिजागरी

बिजागरी : दार, खिडकी, पेटीचे झाकण यांसारखा हलणारा भाग त्याच्या स्थिर आधाराला जोडणारे आणि त्याला एका ठराविक आसाभोवती फिरू देणारे साधन. सर्वसाधारण बिजागरीत धातूची दोन पाने असतात. त्यांच्या कडा नळीसारख्या वळविलेल्या असून त्या एकमेकींत गुंतवून त्यांतून एक पिन घातलेली असते. एक पान दाराला व दुसरे चौकटीला मळसूत्री खिळ्यांनी (स्क्रूंनी) पक्के केले जाते. बिजागरीला दोन कामे करावी लागतात : दार फिरू देणे आणि त्याचा भार तोलून धरणे. यांपैकी पहिले काम मानवाने बिजागरीवाचून हजारो वर्षे उत्तम प्रकारे साधले होते. दुसऱ्या कामाच्या रीतीत मात्र बिजागरीने मूलभूत बदल घडवून आणला. पूर्वी दार जमिनीवर उभे असे, बिजागरीमुळे ते चौकटीच्या कडेवर टांगले जाऊ लागले. बिजागरीचा इतिहास हा मुख्यतः दाराचा भार कोणी वाहावयाचा या प्रश्नाचा इतिहास आहे. चौकटीची बांधणी, दाराची जाडी, खिळ्यांचा प्रकार आणि सुताराचे कसब या सर्वांवर या बदलाचा परिणाम झाला.

खुंट व उखळी : दार फिरविण्याची सर्वांत जुनी व सर्वांत दीर्घकाळ टिकलेली पद्धत खुंटाची होय. कवाडाच्या एका उभ्या कडेचे लाकूड वर व खाली थोडे वाढवून त्यास गोल आकार दिला जाई. खालचा खुंट उंबरठ्यातील अथवा दगडातील खोलगट उखळीत आणि वरचा खुंट चौकटीच्या माथ्यावरील भोकात बसे. कवाडाचे सर्व वजन खालच्या उखळीवर पडे. वरच्या भोकाचे काम कवाडाला केवळ उभे राखण्याचे असे.

स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे २०१० मध्ये झालेल्या उत्खननात पॉप्लर वृक्षाच्या लाकडाचे सु. ५,००० वर्षांपूर्वीचे दार सापडले. यूरोपातील अत्यंत जुन्या दारांपैकी ते एक आहे. लाकूड सहसा कुजून जाते, परंतु दगडी उखळ्या टिकतात. त्यामुळे प्राचीन दारांची माहिती पुष्कळदा दारांपेक्षा उखळ्यांवरूनच मिळते. मेसोपोटेमियात मंदिराच्या दाराची उखळी ही पवित्र वस्तू मानीत व तीवर मंदिर बांधणाऱ्या राजाचे नाव कोरीत. लगाशचा शासक गुडिआ (इ. स. पू. सु. २१००) याच्या नावाच्या अशा उखळ्या अनेक संग्रहालयांत आहेत. त्या नगरातील मातीच्या विटांच्या भिंती ढासळल्या, दारे नाहीशी झाली, पण भार वाहणारा दगड लेखासह उरला.

ॲसिरियाचा राजा तिसरा शॅल्मानेसर (कार. इ. स. पू. ८५९–८२४) याने सध्याच्या इराकमधील बलावत येथे उभारलेल्या उंच लाकडी दारांवर काशाच्या कोरीव पट्ट्या होत्या. होर्मुझ्द रस्साम याने १८७८ मध्ये त्या शोधून काढल्या. या पट्ट्यांवर युद्धांची व खंडणीची चित्रे आहेत. कवाडे जाड उभ्या वाशांना जोडलेली होती आणि ते वासे दगडी उखळ्यांत फिरत. दक्षिण सिरियातील हौरान प्रदेशात लाकूड दुर्मिळ असल्याने बेसाल्टची सबंध दारे घडवीत व त्यांचे खुंटही त्याच दगडात राखीत. एवढ्या वजनाचे दार कडेने टांगणे अशक्यच होते, उखळीवर मात्र ते फिरू शके. रोममधील पँथीऑनची काशाची भव्य कवाडेही खुंटांवरच फिरतात. दाराच्या खुंटाला लॅटिन भाषेत ‘कार्डो’ म्हणत. नगररचनेतील मुख्य उत्तर-दक्षिण रस्त्यालाही तेच नाव होते. ज्यावर सर्व काही फिरते ते मुख्य, या अर्थाने ‘कार्डिनल’ हा शब्द त्यावरूनच आला आहे.

लेण्यांतील पुरावा : महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांत भिक्षूंच्या कोठड्यांना लाकडी दारे होती. आज ती दारे उरलेली नाहीत, परंतु अनेक कोठड्यांच्या द्वाराशी वर व खाली कोरलेली खुंटांची भोके स्पष्ट दिसतात. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक (मृत्यू २०१९) यांनी या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या भोकांना मोठे महत्त्व दिले. दारे बसविण्याच्या रीती काळानुसार बदलत गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका रीतीत द्वाराशी दगडाचे पुढे आलेले भाग मुद्दाम राखून त्यांत खुंटांची भोके पाडलेली आहेत. नंतरच्या रीतीत कवाड नीट सामावावे म्हणून द्वाराच्या आतील बाजूस खोबण कोरलेली आहे. या रीतींचा क्रम लावून आणि त्यास शिल्प, चित्रे व लेख यांची जोड देऊन त्यांनी अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील लेण्यांचा तपशीलवार कालक्रम मांडला. तो सर्व विद्वानांना मान्य झालेला नाही. तथापि दार कसे बसविले आहे हे पाहून वास्तूच्या काळाचा विचार करता येतो, ही गोष्ट त्यामुळे ठळकपणे पुढे आली. लेण्यात कोरणाऱ्याला नंतर दगड जोडता येत नाही. म्हणून दार कोठे व कसे फिरणार, हे त्याला आधीच ठरवावे लागे. तो विचार कोठे झाला आणि कोठे झाला नाही, याची नोंद दगडातच राहिली आहे.

बिजागरीचा उदय : पिन घातलेली धातूची बिजागरी प्राचीन काळी अज्ञात नव्हती. ईजिप्तचा राजा तूतांखामेन (इ. स. पू. चौदावे शतक) याच्या थडग्यातील घडीच्या पलंगाला धातूच्या बिजागऱ्या आहेत. रोमन कपाटांना व पेट्यांना हाडांच्या पोकळ नळकांड्यांपासून केलेल्या बिजागऱ्या वापरीत. पाँपेई येथे काशाच्या बिजागऱ्याही मिळाल्या आहेत. हलक्या सामानाला बिजागरी आणि जड दाराला खुंट अशी ही वाटणी होती. बिजागरीची कल्पना माणसाला सुचली नव्हती म्हणून दारे खुंटांवर राहिली, असे नव्हे. जड कवाड कडेने धरून ठेवील असे स्वस्त लोखंड व भरवशाचे खिळे नव्हते, हे त्याचे कारण होय.

मध्ययुगीन यूरोपात लोहारकामाची वाढ झाल्यावर हे चित्र पालटले. कवाडाच्या दर्शनी बाजूवर आडवी ठोकलेली लांब लोखंडी पट्टी आणि भिंतीत वा चौकटीत रोवलेला उभा आकडा अशी पट्टी-बिजागरीची रचना असे. पट्टीच्या टोकाचे वळे आकड्यावर चढविले की दार टांगले जाई, व उचलून काढताही येई. उभ्या फळ्या एकत्र बांधून ठेवण्याचे कामही हीच पट्टी करी. खिळे फळीतून आरपार ठोकून त्यांची टोके मागील बाजूस वळवीत, त्यामुळे ते उपटून येत नसत. चर्चच्या दारांवरील अशा पट्ट्यांना लोहारांनी वेलबुट्टीचे रूप दिले. इंग्लंडमधील स्टिलिंगफ्लीट येथील बाराव्या शतकातील दारावर लोखंडी पट्ट्यांबरोबर नावेची आकृतीही आहे. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथीड्रलची लोखंडी वेलबुट्टीची दारे प्रसिद्ध आहेत.

महाराष्ट्रातील दारे : मराठी मुलखातील वाडे, देवळे व किल्ले यांची मोठी दारे खुंटांचीच असत. जाड चौकट, तिचा भक्कम उंबरठा, वरची गणेशपट्टी, दोन कवाडे, कडी-कोयंडा आणि आतून लावावयाचा अडसर ही अशा दाराची ओळखीची अंगे होत. उंबरठा जाड व उंच असण्याची इतर कारणेही होती, परंतु कवाडांचा भार त्यालाच पेलावा लागे हे एक महत्त्वाचे कारण होय. किल्ल्यांच्या दरवाजांना हत्तीच्या धडकेपासून संरक्षण म्हणून बाहेरून अणकुचीदार खिळे बसवीत. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हे याचे उत्तम उदाहरण आहे. अशा दरवाजाचे अजस्र कवाड रोज उघडावे लागू नये म्हणून त्यातच लहान दिंडी दरवाजा ठेवीत. अनेक किल्ल्यांवरील कवाडे आज नष्ट झाली आहेत, तरी प्रवेशद्वाराच्या दगडांत खुंटांची भोके व अडसराच्या खोबणी पाहावयास मिळतात. साध्या घरांत व कुंपणाच्या बेड्याला दोरीचे वा कातड्याचे वळेही पुरत असे.

‘बिजागरी’ हा शब्द या संदर्भात बोलका आहे. तो पोर्तुगीज भाषेतील ‘बिसाग्रा’ या शब्दावरून आला असून गुजरातीतील ‘मिजागरुं’ हा शब्दही त्याच कुळातील आहे. पोर्तुगीज शब्दांचा आशियाई भाषांवरील प्रभाव अभ्यासणारे गोव्याचे कोशकार सेबास्त्यांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांनी आपल्या १९१३ च्या ग्रंथात अशा शब्दांचा संग्रह केला आहे. चावी, घमेले हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. दार, कवाड, चौकट, उंबरठा, अडसर या जुन्या शब्दांच्या कुटुंबात दाराला टांगून धरणाऱ्या साधनाचे नाव तेवढे समुद्रापलीकडून आलेले असावे, यावरून या साधनाचा घरोघरचा प्रसार उशिरा झाला असे अनुमान निघते. कोकण किनारा व गोवा या मार्गाने वस्तू आणि शब्द दोन्ही आत आले असावेत.

मळसूत्र आणि यंत्रनिर्मिती : आज सर्वत्र दिसणारी दुपानी बिजागरी दाराच्या जाडीत, म्हणजे कडेच्या अरुंद पृष्ठावर बसते. दार मिटले की तिची केवळ नळी दिसते. ही बिजागरी रूढ होण्यास दोन अडचणी होत्या. पहिली अशी, की कडेत ठोकलेला खिळा आरपार जात नसल्याने त्याचे टोक वळविता येत नाही आणि दाराच्या रोजच्या ओढीने तो सैल होतो. येथे लाकडात पीळ घालून रुतणारा मळसूत्री खिळाच हवा. दुसरी अडचण अशी, की हाताने घडविलेल्या बिजागरीची दोन पाने व नळ्या नेमक्या जुळविणे कष्टाचे व खर्चाचे होते.

या अडचणी इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीच्या काळात दूर झाल्या. जॉब व विल्यम वायट या बंधूंनी १७६० मध्ये लाकडी कामाचे मळसूत्री खिळे यंत्राने कापण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. १७७५ मध्ये आयझन व व्हाइटहर्स्ट यांना ओतीव लोखंडाच्या दुपानी बिजागऱ्यांचे एकस्व मिळाले. तरीही त्या काळच्या मळसूत्राचे टोक बोथट असल्याने आधी पुरेसे खोल भोक पाडावे लागे. अमेरिकेत टॉमस स्लोन याने १८४६ मध्ये अणकुचीदार टोकाच्या मळसूत्राचे एकस्व घेतले. इंग्लंडमध्ये १८५४ पासून नेटलफोल्ड व चेंबरलेन यांनी बर्मिंगहॅमजवळ त्याचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पुढे पोलादी पत्र्यापासून दाबयंत्रावर बिजागऱ्या होऊ लागल्या व त्यांची किंमत आणखी उतरली.

याच सुमारास जाड फळ्यांच्या कवाडांऐवजी चौकटीत तक्ते बसविलेली हलकी दारे प्रचारात आली होती. हलके दार, स्वस्त बिजागरी व टोकदार मळसूत्र यांचा मेळ बसताच खुंटाचे दार मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरातून व १८५३ पासून वाढत गेलेल्या रेल्वेमार्गांनी असा माल देशाच्या अंतर्भागात पोहोचला. सरकारी कचेऱ्या, बंगले व शाळा यांच्या बांधकामातून तो स्थानिक सुतारांच्या हाती आला. खुंटाचे दार चौकटीबरोबरच उभारावे लागे. बिजागरीचे दार मात्र चौकट भिंतीत पक्की झाल्यावर केव्हाही बसविता व काढता येते. बांधकामाचे टप्पे वेगळे करता येणे हा या बदलाचा मोठा व्यावहारिक लाभ होता.

भार व बसवणी : टांगलेले दार आपल्या वजनाने केवळ खाली ओढत नाही. ते वरच्या बिजागरीला चौकटीपासून दूर खेचते आणि खालच्या बिजागरीला चौकटीवर दाबते. ९० सेंमी. रुंद व ३० किग्रॅ. वजनाच्या दाराच्या दोन बिजागऱ्यांत १६० सेंमी. अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवरील आडवी ओढ सु. ८·४ किग्रॅ. वजनाइतकी भरते. तेच अंतर ८० सेंमी. केले, तर ती सु. १७ किग्रॅ. वजनाइतकी होते. म्हणून बिजागऱ्या एकमेकींपासून दूर ठेवतात. सामान्यतः वरची बिजागरी दाराच्या माथ्यापासून सु. १५ सेंमी. व खालची तळापासून सु. २३ सेंमी. अंतरावर बसवितात. जड अथवा उंच दाराला तिसरी बिजागरी लावतात. ती मध्यभागी लावल्यास दार वाकण्याला आळा बसतो आणि वर सरकवून लावल्यास ओढीचा वाटा उचलते. फळ्यांच्या दाराला तिरकी पट्टी ठोकावयाची झाल्यास तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूस असावे लागते. तसे असले म्हणजे मोकळ्या कडेचा भार त्या पट्टीतून खालच्या बिजागरीकडे जातो. उलट बाजूने ठोकलेली पट्टी दाराला ओळंबण्यापासून वाचवू शकत नाही.

बसवणीत सुतार प्रथम दार रंध्याने तासून चौकटीत सैलसर बसेल असे करतो. कडांशी साधारणतः २ ते ३ मिमी. फट ठेवतात. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडकते, म्हणून दार कोणत्या ऋतूत बसविले जात आहे याचाही विचार करावा लागतो. नंतर दाराखाली पाचर देऊन ते योग्य उंचीवर उभे करतात व बिजागऱ्यांच्या जागा दार आणि चौकट या दोहोंवर एकाच वेळी आखतात. आखलेल्या जागी पटाशीने पानाच्या जाडीइतकी खाच घेतात. खाच जास्त खोल झाली, तर दार बिजागरीच्या बाजूस दाटते आणि मिटताना मळसूत्रे उपटू पाहतात. ती उथळ राहिली, तर फट रुंद होऊन दार कुलपाच्या बाजूस घासते. प्रत्येक पानाला आरंभी एकच मळसूत्र लावून दार उघडझाप करून पाहतात व मगच उरलेली पिळतात. मळसूत्राचे डोके पानाच्या पृष्ठाशी सपाट बसले नाही, तर दोन पाने पूर्ण मिटत नाहीत.

सर्व बिजागऱ्यांच्या पिना एकाच उभ्या रेषेत असणे ही सर्वांत महत्त्वाची अट होय. त्या एका रेषेत नसतील, तर दार फिरताना प्रत्येक बिजागरी दुसरीशी झगडते. त्यातून करकर ऐकू येते व मळसूत्रे ढिली होतात. रेषा सरळ पण ओळंब्यात नसेल, तर दार आपोआप उघडते अथवा मिटते. खुंटाच्या दारात दोनच बिंदू असल्याने त्यांना जोडणारी रेषा नेहमी सरळच असते. बिजागरीच्या दारात ही सरळता सुताराला निर्माण करावी लागते.

प्रकार व मानके : दुपानी बिजागरीखेरीज इंग्रजी टी-आकाराची बिजागरी, दार भिंतीलगत पूर्ण मागे नेणारी पार्लमेंट बिजागरी, दोन्ही बाजूंना उघडणारी स्प्रिंगची बिजागरी, दार उघडताना त्याला किंचित उचलणारी चढती बिजागरी व पेट्यांच्या झाकणांची सलग पियानो बिजागरी हे प्रमुख प्रकार आहेत. कपाटांसाठी दाराच्या आतील बाजूस ३५ मिमी. व्यासाच्या गोल खाचेत बसणारी, बाहेरून न दिसणारी बिजागरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. तेथे पितळी किंवा निष्कलंक पोलादाच्या बिजागऱ्या वापरणे हितावह ठरते. भारतात १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने बिजागऱ्यांची मानके तयार केली. संस्थेचे काम १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोकडे आले. पोलादी दुपानी बिजागऱ्यांसाठी आयएस १३४१ आणि लोहेतर धातूंच्या दुपानी बिजागऱ्यांसाठी आयएस २०५ ही मानके आहेत.

खुंटाचे आजचे स्थान : बिजागरीच्या प्रसाराने खुंट नाहीसा झाला असे नाही. जेथे भार मोठा आहे अथवा कडेला मळसूत्र धरत नाही, तेथे अभियंते पुन्हा खुंटाकडेच वळले. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पनामा कालव्याच्या जलपाशांची शेकडो टन वजनाची पोलादी दारे तळाशी खुंटावर फिरतात आणि माथ्याशी पकडीने उभी राखली जातात. दुकाने व बँका यांच्या काचेच्या दारांखाली जमिनीत पुरलेली स्प्रिंगची पेटी ही तत्त्वतः जुनी उखळीच होय.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत हा फरक ध्यानात न घेतल्यास नुकसान होते. वाड्याचे झिजलेले खुंट कापून, भोके बुजवून तेच जड कवाड बाजारी बिजागऱ्यांवर टांगले, तर जी बाही पूर्वी कवाडाला केवळ उभे राखीत होती तिच्यावर आडवी ओढ येते. जुने लाकूड ती सोशीत नाही. मळसूत्रे उपटतात, बाही चिरते आणि कवाड उंबरठ्यावर टेकते. अशा वेळी झिजलेल्या खुंटाला लाकडाचा वा धातूचा जोड देणे आणि उखळीत नवी धातूची वाटी बसविणे हा उपाय अधिक सोपा व मूळ रचनेला धरून असतो. बुजविलेल्या भोकाबरोबर ते दार कसे फिरत होते याचा पुरावाही जातो. अजिंठ्याच्या कोठड्यांतील आणि किल्ल्यांच्या प्रवेशद्वारांतील भोकांनी हाच पुरावा लाकूड नष्ट झाल्यानंतरही शतकानुशतके जपलेला आहे.